गांठीचें ऋण

मराठी भाषेंत 'गांठ' या शब्दाला जितके अर्थ आहेत तितके फार थोड्या शब्दांना असतील. पदराला गांठ मारतात, लग्नांत उपरण्याशीं शालूची गांठ बांधतात, वाटेंत मित्राची गांठ पडते, भांडणांत 'आतां माझ्याशीं गांठ आहे' असें बजावतात, आणि विसर पडूं नये म्हणून मनाशीं खूणगांठ बांधतात. बंधन, भेट, झुंज व स्मरण असे चार निराळे अर्थ हा एक शब्द वाहतो. परंतु काखेंत, मानेवर किंवा जांघेंत हाताला गांठ लागली कीं या सर्व अर्थांचा एकदम विसर पडतो, आणि मनांत एकच शब्द उमटतो : रोग. 'गांठ आली' असें आपण म्हणतों, जणु ती बाहेरून कोठून तरी आली. वास्तविक ती जन्मापासून तेथेंच होती. बाहेरून जें आलें तें दुसरेंच कांहीं होतें, आणि तें पुढें जाऊं नये म्हणून ती सुजली आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या लेखांत आम्हांस जो विचार करावयाचा आहे तो वैद्यकाचा नसून नीतीचा आहे. जें अंग साऱ्या देहावरचें संकट आपल्या ठिकाणीं अडवून धरतें आणि त्यापायीं स्वतः सुजतें, त्याचें देहावर कांहीं ऋण आहे काय? देहाच्या जागीं समाज व अंगाच्या जागीं एखादें गांव किंवा एखादा मनुष्य कल्पिला, तर त्या ऋणाचें स्वरूप काय, आणि तें कसें फेडावें? प्रश्न जुना आहे. परंतु ज्या दृष्टांतावर तो उभा करावयाचा, तो दृष्टांत प्रथम नीट पाहून घ्यावा अशी वाचकांस आमची विनंति आहे; कारण दृष्टांत अर्धवट समजला म्हणजे त्यावरून काढलेली नीति पूर्णपणें चुकते.

रक्त हृदयांतून निघून नळ्यांवाटे सर्वांगांत फिरतें व पुनः हृदयांत येतें, हें हार्वेनें इ. स. १६२८ मध्यें सिद्ध केलें आणि आज तें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. परंतु एवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं. रक्ताच्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाण्याचा अंश सतत बाहेर झिरपत असतो. त्या पाण्यांतच आपल्या पेशी जगतात. या झिरपलेल्या पाण्यापैकीं दिवसाकाठीं सुमारें तीन लिटर, आणि त्याबरोबर निसटलेलीं प्रथिनें, रक्तांत परत आणण्याचें काम एका निराळ्याच यंत्रणेकडे आहे. मोठ्या माणसाच्या शरीरांतील रक्ताचा द्रवभाग एकंदरींत तीन लिटरांच्याच आसपास असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कामाची किंमत कळेल. परत आणणारें कोणी नसतें तर थोड्याच अवधींत रक्त आटलें असतें आणि देह सुजून गेला असता.

ही यंत्रणा म्हणजे लसीकावाहिन्यांचें जाळें. तिला हृदयासारखें उसनें बळ देणारें कोणी नाहीं. तिच्या वाहिन्या अवयवांच्या आंत बंद टोंकांनीं सुरू होतात. त्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींवर अशा चढलेल्या असतात कीं, बाहेरचें पाणी आंत शिरावें पण आंतलें बाहेर पडूं नये. पुढें जागोजाग झडपा असतात. वाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात. त्यांना चालतांना, वळतांना, श्वास घेतांना होणाऱ्या स्नायूंच्या हालचालींचें साह्य मिळतें, आणि अशा रीतीनें पाणी हळूहळू वर चढतें. दोन्ही पाय, पोट, डावा हात व छातीची आणि डोक्याची डावी बाजू येथील सर्व लसीका अखेर वक्षनलिकेंत जमते. कंबरेच्या वरच्या मणक्यांपुढें सुरू होणारी ही सुमारें चाळीस सेंटिमीटर लांबीची बारीक नळी कण्याच्या आधारानें छातींतून वर जाते आणि डाव्या मानेच्या मुळाशीं, जेथें हाताकडून व डोक्याकडून येणाऱ्या शिरा एकमेकींस मिळतात, तेथें आपलें पाणी रक्ताच्या स्वाधीन करते. उजव्या बाजूच्या उरलेल्या भागाकरितां एक आखूड स्वतंत्र नळी आहे.

एवढी मोठी व्यवस्था मनुष्याच्या दृष्टीस फार उशीरां पडली. १६२२ सालीं इटलींतील गास्पारे आसेली या शस्त्रवैद्यानें नुकत्याच जेवलेल्या एका जिवंत कुत्र्याचें पोट फाडलें, तेव्हां आंतड्यांवर त्याला पांढरे धागे दिसले. ते मज्जातंतु असावेत असें त्यास प्रथम वाटलें. पण एक कापतांच त्यांतून दुधासारखा रस आला. अन्नांतील स्निग्ध अंश त्या वाटेनें जात होता. १६५१ मध्यें जां पेके यानें ही वाट वक्षनलिकेंतून शिरांकडे जाते हें दाखविलें, आणि १६५३ मध्यें बार्थोलिन यानें या वाहिन्यांना आजचें पाश्चात्य नांव दिलें. आमच्याकडे 'लसीका' हा शब्द मात्र जुना आहे. त्वचेखालीं जखमेच्या ठिकाणीं दिसणाऱ्या पाण्यास चरकसंहितेंत तेंच नांव आहे. मराठींत जखमेंतून पाझरणाऱ्या चिकट पाण्यास आपण 'लस' म्हणतों, आणि देवीपासून बचाव व्हावा म्हणून जें टोचीत त्यासहि 'लस'च म्हणतों. तेंहि मुळांत गाईच्या देवीच्या फोडांतलें पाणीच होतें. दुखण्याचें पाणी आणि रक्षणाचें पाणी यांना एकच नांव देणाऱ्या भाषेनें पुढच्या पुष्कळ विचाराचें बीज आधींच पेरून ठेविलें आहे.

आतां गांठीकडे वळूं. या वाहिन्यांच्या वाटेवर, विशेषतः मान, काख, जांघ अशा सांध्यांच्या ठिकाणीं व पोटाच्या आंत, घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान लहान ग्रंथि आहेत. त्यांची संख्या पांचशेंपासून सातशेंपर्यंत भरते. प्रत्येक ग्रंथींत येणाऱ्या वाटा अनेक आणि जाणाऱ्या एकदोनच. त्यामुळें आलेलें पाणी तेथें मंदावतें. चिंचोळ्या जागांत भक्षक पेशी टपून बसलेल्या असतात. त्या पाण्याबरोबर आलेला जंतु पकडतात. कांहीं पेशी दूरच्या जखमेपासून शत्रूच्या देहाचा तुकडा घेऊन येतात आणि तो तेथील पांढऱ्या पेशींना दाखवितात. ज्या थोड्या पेशींना त्याची ओळख पटते त्या भराभर वाढूं लागतात. बाहेर जाणारा प्रवाह कांहीं वेळ आवरला जातो. नव्या पेशींची दाटी होते. आणि गांठ सुजते, दुखते. पायाला कांटा लागला कीं जांघेंत जें येतें त्यास आमच्याकडे 'अवधाण' म्हणतात. त्याची व्युत्पत्ति कांहींहि असो, 'अवधान' या शब्दाशीं असलेलें त्याचें सादृश्य आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. देहानें आपलें सारें लक्ष त्या एका ठिकाणीं आणून ठेविलेलें असतें.

लढा संपला कीं सूज उतरते. परंतु सर्वच कांहीं पुसलें जात नाहीं. शत्रूला ओळखणाऱ्या कांहीं पेशी पुढें वर्षानुवर्षें टिकतात, आणि तोच रोग पुनः आला असतां देह पहिल्याहून लौकर सिद्ध होतो. मनाशीं बांधतात त्या खूणगांठीचा अर्थ येथें अक्षरशः खरा ठरतो. अर्थात् गांठ नेहमींच जिंकते असें नाहीं. कधीं जंतु तिलाच आपलें घर करतो. कर्करोगाच्या पेशी तिच्याच वाटेनें पसरतात. म्हणून फार दिवस न उतरणारी गांठ वैद्यास दाखविलीच पाहिजे. परंतु पहारेकरी कधीं पडतो म्हणून पहारेकऱ्यालाच चोर ठरवावें, हा न्याय नव्हे.

तो अन्याय महाराष्ट्रानें एकदां प्रत्यक्ष पाहिला आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें. त्या रोगास आपल्या लोकांनीं 'ग्रंथिक सन्निपात' हें नांव दिलें, कारण त्याची खूण म्हणजे जांघेंतली किंवा काखेंतली गांठ. रोगाचा जंतु यर्सिन यानें १८९४ मध्यें हाँगकाँग येथें शोधला होता. पिसू पायाला चावली कीं तो जंतु लसीकेच्या वाटेनें जांघेंतल्या ग्रंथींत येतो, आणि तेथें त्याची व देहाची झुंज होते. जोंवर तो गांठींत अडकला आहे तोंवर रोग्यास कांहीं आशा असे. गांठ ओलांडून तो रक्तांत किंवा फुप्फुसांत गेला, म्हणजे त्या काळीं मृत्यु बहुधा ठरलेलाच. म्हणजे ज्या गांठीची लोकांना भीति वाटे ती देहानें रोग्याच्या बाजूनें दिलेल्या लढ्याची निशाणी होती. परंतु १८९७ च्या साथीच्या कायद्यानंतर जी तपासणी सुरू झाली, तींत आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंच्या जांघा व काखा चांचपल्या गेल्या, घरांत शिरून झडत्या घेतल्या गेल्या, आणि जिच्या अंगीं गांठ सांपडेल ती व्यक्ति गुन्हेगारासारखी उचलून नेली जाऊं लागली. पुण्यांतील त्या जुलुमाचें पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्रीं कशांत झालें तें प्रसिद्धच आहे. डॉक्टरास खूण पाहणें भाग होतें, हें आम्हांस मान्य आहे. पण खुणेलाच अपराध मानलें कीं लोक खूण लपवूं लागतात; तसेंच झालें, आणि लपलेल्या रोगानें अधिक माणसें मारलीं.

त्याच वर्षीं दुसरेंहि एक दृश्य पुण्यानें पाहिलें. सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ रोग्यांची शुश्रूषा चालविली होती. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्या पाठीवर घेऊन आल्या. मूल वांचलें, परंतु त्यांना स्वतःला रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. दुसऱ्याकडे जाणारें संकट आपल्या अंगावर घेणें म्हणजे काय, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

प्लेगच्या काळांत जें माणसांच्या बाबतींत घडलें तें आमच्या काळांत एका संपूर्ण गांवाच्या वांट्यास आलें. तें गांव नवापूर. खानदेशाच्या पश्चिम टोंकास, रंगावली नदीच्या कांठीं तें वसलें आहे. १९९८ सालीं धुळ्याहून निराळा झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचें तें तालुक्याचें ठिकाण. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं तेव्हां सीमेची रेषा येथील रेल्वे स्थानकांतूनच गेली. फलाटाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत व कांहीं गुजरातेंत आहे. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा मोठा रस्ताहि येथूनच जातो. माणसें, माल व जनावरें यांच्या येण्याजाण्याची ही वाट, म्हणजे देशाच्या देहांतील एक सांधाच म्हणावयाचा. आणि गांठी सांध्यांपाशींच असतात, हें आम्ही वर सांगितलेंच आहे.

या गांवाभोंवतीं कोंबड्या पाळण्याचा धंदा भरभराटीस आला होता. २००६ च्या आरंभीं तेथें कोंबड्या भराभर मरूं लागल्या. प्रथम तो राणीखेत नांवाचा नेहमींचाच रोग वाटला. परंतु भोपाळच्या प्रयोगशाळेंत नमुने तपासले गेले, आणि भारतांतील पहिला बर्ड फ्लू नवापुरांत सांपडल्याचें १८ फेब्रुवारी २००६ रोजीं जाहीर झालें. त्या रोगाचा विषाणु नवापुरांत जन्मला नव्हता. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत १९९६ मध्यें हंसांच्या अंगीं तो प्रथम ओळखला गेला. १९९७ मध्यें हाँगकाँग येथें त्यानें अठरा माणसांना पछाडलें व त्यांतील सहा दगावलीं. नंतर आग्नेय आशियांतून तो युरोपापर्यंत पोंचला. परंतु आमच्या देशांत तो जेथें ओळखला गेला त्या गांवाचें नांवच रोगाचें नांव होऊन बसलें. ठराविक अंतरांतील सर्व पक्षी, मग ते रोगी असोत वा निरोगी, मारण्याचा हुकूम झाला. पांढऱ्या पोषाखांतील सरकारी माणसांनीं पोल्ट्र्यांतील लाखों कोंबड्या आणि आदिवासींच्या अंगणांतल्या पांचदहा कोंबड्या एकाच न्यायानें मारून खड्ड्यांत पुरल्या. सीमेपलीकडील उच्छल भागांतहि तसेंच झालें; विषाणूला राज्यांची रेषा ठाऊक नसते. त्यानंतर जळगांव जिल्ह्यांतहि रोग आढळला. तेथेंहि हाच उपाय झाला, आणि ती साथ त्या वर्षीं आटोक्यांत आली. माणसांत त्या वेळीं एकहि रोगी सिद्ध झाला नाहीं. २०२१ च्या फेब्रुवारींत हाच प्रसंग नवापुरावर पुनः गुदरला.

हुकूम योग्य होता, असेंच आमचें मत आहे. अशा विषाणूला मोकाट सोडणें म्हणजे उद्यां माणसांच्या जिवाशीं खेळणें होय. पण हुकूम योग्य होता एवढ्यानें ऋण फिटत नाहीं. किंबहुना तेथूनच ऋणास सुरुवात होते. मारलेल्या पक्ष्यांबद्दल सरकार ठराविक दरानें भरपाई देतें. रोगानें आधींच मेलेल्यांबद्दल ती देण्याची रीत नाहीं. जागा निर्जंतुक होऊन परवानगी मिळेपर्यंत खुराडीं ओस राहतात, कर्जाचें व्याज चालूच राहतें, मजूर दुसरीकडे जातात. आणि गांवाच्या नांवाला लागलेला डाग कोणत्याहि दरपत्रकांत येत नाहीं. देशांतील कोट्यवधि लोक सुरक्षित राहिले, तें संकट जेथें अडविलें गेलें तेथल्या कांहींशें घरांनीं सोसल्यामुळें. गांठ सुजली, देह वांचला. आणि देह मात्र गांठीकडे बोट दाखवून 'रोग तो तेथें' असें म्हणत राहिला.

येथें एक अवांतर, परंतु विषयास सोडून नसलेली गोष्ट सांगतों. पक्ष्यांच्या शरीरांत शेंपटीजवळ एक लसीकेंद्रिय असतें. तें पादुआच्या फाब्रिकियस यानें, म्हणजे हार्वेच्या गुरूनें, वर्णिलें म्हणून त्यास त्याचेंच नांव आहे. त्याचें काम काय तें तीनशेंहून अधिक वर्षें कोणासच कळलें नाहीं. १९५६ मध्यें अमेरिकेंतील ग्लिक व त्याचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलें कीं, तें काढून टाकलेल्या कोंबड्यांना रोगप्रतिकारक द्रव्यें नीट तयार करतां येत नाहींत. त्यावरून मनुष्याच्या लसीकेंतील एका मोठ्या पेशीवर्गाचा शोध लागला. म्हणजे आपला देह कसा रक्षिला जातो हें आपणांस कुत्र्यानें व कोंबडीनें आपला देह देऊन शिकविलें आहे. त्यांना कोणी विचारलें नव्हतें. हा 'विचारलें नाहीं' एवढा शब्द वाचकांनीं मनांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आमच्या या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि वर्गांत नीतिशास्त्र शिकवितांना चाणाक्ष विद्यार्थ्यांकडून तो नेहमीं येतो. समाजाला देहाची उपमा देणें हेंच मुळीं धोक्याचें आहे, असें ते म्हणतात. त्यांचें म्हणणें खरें आहे. रुसून नगराबाहेर गेलेल्या रोमच्या सामान्य जनांना मेनेनिअस अग्रिप्पानें पोट व हातपाय यांची गोष्ट सांगून परत आणलें, असें लिव्ही सांगतो. त्या गोष्टीचा उपयोग हातांनीं राबत राहावें व पोटानें खात राहावें यासाठींच झाला. आमच्याकडे पुरुषसूक्ताच्या आधारानें पायांना शतकानुशतकें पायच राहावयास सांगितलें गेलें. 'तूं समाजाची गांठ आहेस, तेव्हां सूज' असें दुबळ्याला सांगण्याइतकें सोपें कांहींच नाहीं.

या आक्षेपाचें उत्तर, आगरकरांच्या पिढीनें ज्यास आवडीनें वाचलें त्या हर्बर्ट स्पेन्सरनें १८६० सालींच सुचवून ठेविलें आहे. त्याच्या सर्वच निष्कर्षांशीं आम्ही सहमत नाहीं. परंतु समाज व देह यांचीं साम्यें मोजीत असतां त्यानें दाखविलेला एक भेद आम्हांस निर्णायक वाटतो. देहांत सुखदुःखाची जाणीव एका ठिकाणीं एकवटलेली असते. समाजांत ती प्रत्येक व्यक्तीच्या ठिकाणीं असते. म्हणून देहाचे अवयव देहासाठीं असतात, पण समाज मात्र व्यक्तींसाठीं असतो. गांठीला दुःख नाहीं, दुःख देहाला आहे. नवापुरांतल्या शेतकऱ्याला मात्र स्वतःचें दुःख आहे. देह तर आपल्या पेशींशीं फार निर्दयपणें वागतो. छातींतील यौवनलोपी ग्रंथींत तयार होणाऱ्या कोवळ्या पेशींपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक तेथेंच नष्ट होतात. कित्येक निरुपयोगी म्हणून, कित्येक उद्यां आपल्याच देहावर उलटतील म्हणून. पेशींच्या जगांत ही व्यवस्था आहे. माणसांच्या जगांत तिला आपण अत्याचार म्हणूं. तेव्हां दृष्टांतापासून शिकावयाचें तें इतकेंच, कीं एकाच्या सोसण्यानें अनेकांचें रक्षण होतें. त्या सोसण्याची किंमत काय, हें दृष्टांत सांगूं शकत नाहीं. तेथें नीतीचेंच काम आहे.

निसर्गाचा हिशेब किती आंधळा असतो याचें उदाहरणहि दूर शोधावयास नको. नंदुरबार जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रोग बराच आढळतो. आईबापांपैकीं एकाकडूनच तो दोष आला तर मूल वाहक होतें. तें बहुधा निरोगी असतें, आणि शिवाय घातक हिंवतापापासून त्याला पुष्कळ संरक्षण मिळतें. अॅलिसन यानें १९५४ मध्यें हें दाखविलें. परंतु आईबाप दोघेहि वाहक असले म्हणजे प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक अशी शक्यता असते कीं, दोष दोन्हीकडून येईल. मग रक्तांतल्या तांबड्या पेशी विळ्याच्या पात्यासारख्या वांकतात व बारीक वाटा अडवितात. सर्वांत मोठें लसीकेंद्रिय म्हणजे प्लीहा, जिला बोलींत पांथरी म्हणतात. तिच्या अरुंद वाटांत या पेशी अडकून पडतात. प्रथम ती फुगते. कालांतरानें, कोणाची लौकर तर कोणाची उशीरां, निकामी होते, आणि एक मोठा पहारा उठल्यामुळें साध्या जंतूंपासूनहि मुलाच्या जिवास धोका उत्पन्न होतो. ज्या गुणानें पिढ्यान् पिढ्या हिंवतापाच्या जंगलांत तो समाज तग धरून राहिला, त्याची किंमत कांहीं मुलें आपल्या प्लीहेनें व आपल्या वेदनेनें भरीत आहेत. येथें हुकूम कोणाचा नाहीं आणि अपराधहि कोणाचा नाहीं.

वरील तीन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेविलीं म्हणजे आमच्या प्रश्नाचें उत्तर दिसूं लागतें. सावित्रीबाईंनीं संकट स्वेच्छेनें अंगावर घेतलें. नवापूरच्या लोकांनीं तें आज्ञेनें सोसलें. सिकलसेलचें मूल तें दैवानें सोसतें. त्यास कोणी विचारलें नाहीं आणि विचारणें शक्यहि नव्हतें. तिघांच्या सोसण्यानें दुसऱ्यांचें रक्षण झालें, म्हणून तिघांचेंहि समाजावर ऋण आहे. परंतु तें सारखें नाहीं. आमच्या मतें त्याचा नियम असा आहे : सोसणाऱ्याची संमति जितकी कमी, तितकें समाजाचें ऋण अधिक. जो स्वेच्छेनें देतो त्याच्या देण्यांतच त्याच्या आत्म्याची कृतार्थता असते. त्यास आपण कृतज्ञता द्यावी, एवढेंच त्याचें मागणें, आणि बहुधा तेंहि नाहीं. ज्याच्याकडून आज्ञेनें घेतलें त्याचें नुकसान पुरेपूर भरून देणें हा उपकार नसून देणें आहे. आणि ज्याला विचारलेंच गेलें नाहीं, त्याच्या बाबतींत सेवा हीच परतफेड. ती त्याला मागावी लागूं नये.

खेदाची गोष्ट अशी कीं, समाजाचें आचरण नेमकें उलट आहे. स्वेच्छेनें सोसणाऱ्यांचे आपण पुतळे उभारतों, संस्थांना त्यांचीं नांवें देतों. पुणें विद्यापीठास २०१४ मध्यें सावित्रीबाईंचें नांव दिलें गेलें, आणि तें अगदीं योग्य झालें. आज्ञेनें सोसणाऱ्यांना दरपत्रकाप्रमाणें भरपाई देऊन आपण त्यांस विसरतों. आणि दैवानें सोसणाऱ्यांकडे फार काळ आपली दृष्टिच जात नाहीं. शिकागोचा हेरिक यानें सिकलसेलचें वर्णन १९१० मध्यें केलें. भारतांत तो १९५२ मध्यें नीलगिरीच्या आदिवासींत आढळला. आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली. तिनें २०४७ ही मुदत ठरविली आहे. मोहिमेचें आम्ही मनापासून स्वागत करतों. मधलीं सत्तर वर्षें मात्र आमच्या खात्यावर लिहिलेलीं आहेत.

ही परतफेड निव्वळ दयेची बाब नाहीं. तींत समाजाचा विवेकहि आहे. ज्या गांवाला खरें सांगितल्याबद्दल बुडावें लागतें, तें पुढच्या खेपेस खरें सांगेल अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची? १८९७ मध्यें लोकांनीं गांठी लपविल्या. उद्यां कोणी मेलेल्या कोंबड्या रात्रींतून दूर नेऊन टाकील. रक्ततपासणींत वाहक ठरलेल्या मुलीची लग्नगांठ तेवढ्याच कारणानें मोडली, तर दुसरी मुलगी तपासणीला येणार नाहीं. खूण दाखविणाऱ्यास शासन करणारा समाज आपले डोळे आपणच काढून घेतो. देहानें ही चूक केलेली नाहीं. गांठीला स्वतःची रक्तवाहिनी असते. सूज येते तेव्हां तिच्याकडे जाणारा रक्ताचा ओघ वाढतो. ज्या ठिकाणीं झुंज चालली आहे त्या ठिकाणीं रसद अधिक गेली पाहिजे, एवढें तरी देहापासून खुशाल शिकावें.

आणि परतफेड शक्य आहे, हें आजच्या वैद्यकानें दाखविलें आहे. ज्या मुलाची प्लीहा निकामी झाली त्यास ठराविक लसी टोचल्या आणि लहानपणीं पेनिसिलीन नियमानें दिलें, तर ज्या जंतूंपासून प्लीहेनें त्यास राखावयाचें होतें त्यांतील पुष्कळांपासून तें वांचतें. म्हणजे निसर्गानें जो पहारेकरी त्याच्यापासून हिरावून घेतला, त्याच्या जागीं इतर माणसांच्या ज्ञानानें दुसरा उभा केला. त्याच्यासारख्यांच्या सोसण्यानें दुसऱ्यांचें हिंवतापापासून रक्षण झालें होतें. आतां त्याच्या रक्तांत दुसऱ्यांनीं बांधलेली खूणगांठ जाते. झिरपून बाहेर गेलेलें पाणी लसीका ज्याप्रमाणें गाजावाजा न करतां रोज परत आणून देते, त्याप्रमाणेंच हें ऋणहि फेडावयाचें आहे : एकदां समारंभानें नव्हे, तर रोज, आणि जेथून घेतलें तेथेंच.